पळसाच्या पानांचा पुतळा

मंगळवारी दुपारी पिंपळगाव राजाच्या आमच्या मुलींच्या शाळेत चौथीला सिद्धार्थाचा धडा घेत होते. नागपूरहून आलेल्या नव्या क्रमिक पुस्तकातला... म्हातारा दिसला, आजारी दिसला, प्रेत दिसलं, आणि राजपुत्र झोपलेल्या बायकोला मागे ठेवून निघून गेला.

खरं तर माझं धड्यात लक्ष नव्हतं. सकाळीच वरवट बकालहून धाकटे दीर आले होते. यजमान न सांगता घर सोडून गेले, त्याला या चैत्रात बारा वर्षं झाली. आमच्याकडे बारा वर्षं माणसाचा पत्ता लागला नाही, तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात... मग दहा दिवस सुतक, आणि बायकोचं कुंकू जातं.

"वैनी, मायचं वय झालं. डोये मिटाच्या आंधी तिले दादाच्या नावानं पाणी सोडाचं हाय," भावजी खाली बघत म्हणाले. "भटजीनं दिवस काढला. फक्त तुमचा होकार पायजे."

संध्याकाळी सांगते म्हटलं आणि शाळा गाठली.

फळ्यावर लिहिलं... दुःख आहे. त्याला कारण आहे, ते म्हणजे तृष्णा. ती सुटली की दुःख सरतं. आणि ती सोडवायला वाट आहे... नीट पाहण्याची, नीट बोलण्याची, नीट जगण्याची.

मागच्या बसकरपट्टीवरून गोदी उठली. "बाई, त्यानं बायकोले उठवलं काऊन नाई?"

"उठवली असती तं जाऊ देल्लं असतं का तिनं? कमरेले मिठीच मारली असती, माय वं!" शेजारची चंद्री म्हणाली, आणि सगळा क्लास हसला.

मला हसू आलं नाही. मीही झोपलेच होते तेव्हा... "खाली बस," एवढंच म्हटलं. जरा कडकच.

घंटा झाल्यावर रिकाम्या वर्गात बसून राहिले. समोर फळा तसाच होता. ते गेले, ते दुःख केव्हाच जुनं झालं होतं. रोज ताजं होत होतं ते एका आशेनं... ते येतील, समोर बसतील, आणि मला का उठवलं नाही ते सांगतील. ती आशा माझी होती. ती सोडायची तर मलाच सोडायला हवी, पुतळा जाळून ती कशी जाणार?

संध्याकाळी भावजींना म्हटलं, "पुतळा नको. ते वारले असं मी म्हणणार नाही, आणि येतील असंही आता म्हणणार नाही."

"मंग मायले काय सांगू?"

"वैनी नाही म्हणाली, सांगा. बोल मला लागू दे."

ते चहा तसाच ठेवून बैल जुंपायला उठले. आता त्या घरचं कुणी माझ्याकडे येईल, असं वाटत नाही...

बारा वर्षं मी दाराला आतून कडी लावत नव्हते. त्या दिवशी लावली. घर एकदम फार मोठं वाटलं. रडले... पण बाहेर पाऊल वाजलं तेव्हा मान वळली नाही.

गोदी तेव्हापासून माझ्याकडे बघत नाही. बाईंना राग आला, असं तिला वाटतंय. उद्या तिला जवळ बसवून सांगणार आहे, की पोरी, तुझा प्रश्न बरोबर होता... उत्तर बाईंनाही येत नाही.