माडीवरचं कुलूप

केळव्यात शनिवार-रविवारी मुंबईकरांना गोठासुद्धा झाडूनपुसून भाड्याने देतील अशी माणसं; पण चिंतूकाकांनी आपली माडी कुणाला दिली असेल तर शपथ! माडी मुलीची, दीपाची. तिच्याच नावावर केलेली, तिच्यासाठी वर वेगळं स्वयंपाकघर बांधलेलं. "माजी पोर कदीबी येल," म्हणायचे. नाताळात दारात गाड्यांची रांग लागली तरी कुलूप काही निघायचं नाही.

दीपा बर्लिनच्या एका कंपनीचं काम संगणकावर करायची. तिथं भाड्याच्या खोलीत राहायची. आई हंसाबाईंच्या कंबरेचं ऑपरेशन झालं म्हणून ती घरी आली. माडीवर बसून काम, मधेच खाली येऊन आईला चालवायचं, यात अर्ध्याहून जास्त वर्ष सरलं. मग कंपनीने विचारलं, तुझा कर नक्की कुठल्या देशात? आम्हाला जर्मनीतलाच हवा, नाहीतर नोकरी सोड. आईचं औषधपाणी त्याच नोकरीवर. दीपाचं धाबं दणाणलं. ती बोईसरला मेहुलभाईंकडे गेली. ते कर सल्लागार.

"इथं इतके दिवस राहिलात, म्हणून इथला कर," मेहुलभाई म्हणाले. "तिथली खोली सोडली नाहीत, म्हणून तिथलाही. दोघं ओढायला लागले की दोन देशांमधला करार विचारतो, कायमचं घर कुठं? भाड्याचं की मालकीचं, फरक नाही. हवं तेव्हा जाऊन राहता येतं ना? मग ते तुमचं घर."

"आणि दोन्हीकडे असलं तर?"

"तर जीव कुठं जास्त गुंतलाय ते बघतात. आणि तुमचे आईबाप इथं. तिथंच तुम्ही अडकणार, दीपाताई."

घ्या! बापाने मायेने कुलूप लावलं आणि फास बसला पोरीला. बर्लिनची खोली सोडावी तर नोकरी जाणार, ठेवावी तर ही माडी आडवी येणार. इकडे आड, तिकडे विहीर. पुढे आईसाठी येत राहायचं तर एकच वाट होती. माडी खरोखर सालभरासाठी दुसऱ्याला द्यायची.

"भाड्यानं देऊ? मग तू आलीस का रानार कुठं?" चिंतूकाकांनी विचारलं.

"तुमच्याकडं, बाबा. पाहुणी म्हणून."

काका उठले आणि वाडीला पाणी सोडायला गेले. पाणी सकाळीच देऊन झालं होतं.

तारापूरच्या कारखान्यातलं एक कुटुंब माडीवर राहायला आलं, दीपा बर्लिनला गेली. पुढच्या वर्षी ती आईला बघायला आली, आणि पाय सवयीने जिना चढून गेले. दार वाजवलं. कणकेच्या हातांनी एका बाईने उघडलं.

"किससे मिलना है, दीदी?"

माझं घर आहे हे, असं अगदी ओठांवर आलं. पण तेवढंच तिला म्हणता येत नव्हतं.

"किसीसे नहीं," ती म्हणाली. "गलती से ऊपर आ गयी."

जिन्याखाली चिंतूकाका तिची बॅग घ्यायला आले होते. त्यांनी ते ऐकलं.