पाचवा आवाज

नव्वदच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात हट्ट्याजवळच्या आमच्या शेतात विहीर खोदणं चाललं होतं आणि सुरुंगाचे आवाज मोजायचं काम माझ्याकडं होतं. मिस्त्री तांड्यावरचा. त्याचा नियम असा, की सुरुंगानंतर ज्याचं माणूस पहिल्यांदा खाली उतरणार, त्याच्या घरच्यानंच आवाज मोजायचे. दगडात जितकी भोकं पाडून दारू भरली तितके खडे मुठीत घ्यायचे, एका आवाजाला एक खडा खाली टाकायचा. मूठ रिकामी झाली तरच माणूस खाली सोडायचा. एक जरी खडा उरला, तर दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी काठाकडं फिरकायचं नाही. उतरायचे आमचे मालक. लग्नाला दोनच वर्षं झालेली, आणि मोजण्यात आपण चुकत नाही असा मला भारी ताठा होता.

काळ्या दगडात सगळं सुरळीत चाललं. पाच माणसं एकावर एक उभी राहतील एवढ्या खोलीवर मात्र निराळाच दगड लागला. राखाडी, गुळगुळीत. पहार मारली की ठिणगी उडायची आणि तो खणखणायचा.

"ह्यो सुरुंगाला बी दाद देत न्हाई," मिस्त्री म्हणाला.

त्या दुपारी पाच भोकं भरली. वाती पेटवणारा वर आला, आम्ही सगळे बांधाआड जाऊन बसलो. एक, दोन, तीन झाले. मग चौथा, आणि त्याच्या पाठोपाठ एक हलका, पितळी घागरीवर टिचकी मारावी तसा. मी दोन्ही खडे टाकले.

"झाले का बराबर?" मिस्त्रीनं विचारलं.

"व्हय, पाच."

धूर विरल्यावर हे बादलीत उभे राहून खाली गेले. बादली दिसेनाशी झाली आणि मला शंका आली. तो पाचवा खरंच सुरुंगाचा होता, की चौथाच दगडात घुमला होता? शेजारी मोठे दीर उभे होते. आता बोलले तर हिला पाचसुद्धा मोजता येत नाहीत, हे गावभर होणार. लाजेपायी मी गप्प राहिले. त्या गप्प बसण्याची मला आजही चीड येते.

खालून पहारीचा आवाज आला. मग दुसरा. मी मोजतच होते. सातव्याला मी ओरडले, "चारच झालेत. वर घ्या त्यास्नी."

हे वर आले ते चिडूनच. "काहून वरडून राहिली?" मिस्त्रीनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि सगळ्यांना घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः उतरला. पाचव्या भोकात पाणी झिरपून वात विझलेली होती, दारू तशीच होती. हातभर अंतरावर नवं भोक पाडून त्यानं ते भरलं आणि त्याच्या धक्क्यानं तो सुरुंग उडवला. त्यात निघालेली दगडाची एक मोठी चीप त्यानं मुद्दाम वर काढून आमच्या बांधावर ठेवली.

पुष्कळ वर्षांनी, दोन हजार सालानंतर, कॉलेजातले एक सर दगड बघत फिरत आमच्या बांधावर आले. चिपेवर पाणी ओतून त्यांनी मला लव्हाळ्याची पेरं दाखवली, एक गोगलगाय दाखवली. त्यांनी सांगितलं, लाव्ह्याचे दोन थर पडले त्यांच्या मधल्या काळात इथं पाणथळ जागा होती. पाण्यात विरघळलेली सिलिका, म्हणजे गारगोटीत असते तीच, चिखलात झिरपत राहिली आणि कणाकणाच्या मधल्या फटीत, लव्हाळ्याच्या पेरात बसत गेली. चिखलाचाच असा दगड झाला. "फट उरलीच नाही, म्हणून तो इतका खणखणतो," सर म्हणाले. त्या दिवशीचा पाचवा आवाज कशाचा होता, ते मला तेव्हा कळलं.

त्यांनी चीप उलटवली. "आणि हे ओरखडे कसले?"

पहारीचे सात पांढरे ओरखडे होते, एकापुढं एक, कडेकडं सरकत गेलेले. कडेला त्या पाचव्या सुरुंगाच्या भोकाची अर्धी नळी अजून शाबूत होती. सातव्या ओरखड्यापासून ती चार बोटांवर होती.

हे पलीकडं विहिरीवरची मोटार चालू करत होते. मी त्यांना हाक मारली, आणि ओ येईपर्यंत श्वास घेतला नाही.