पऱ्यातला आमचा धोंडा

मी ओमानला निघालो त्या सकाळी बाबा पऱ्यात, म्हणजे वाडीच्या ओढ्यात, गुडघाभर पाण्यात उभे होते. वाडीचा बांध घालायचा दिवस नेमका तोच आला होता. मी काठावरून उतरून पाया पडलो. हाताला चिखल होता म्हणून त्यांनी पाठीवर हात ठेवला नाही, कोपराने खांद्याला जरा ढकललं. "जा. एष्टी चुकंल," एवढंच म्हणाले आणि पुन्हा वाकून कामाला लागले. ही दोन हजार अकराची गोष्ट. मुलगा परदेशी चाललाय आणि यांना बांधाची पडलीय, याचा मला पार रत्नागिरीपर्यंत राग येत होता.

यंदा माझ्या मुलीला, सईला, इथे ओमानात शाळेत प्रोजेक्ट मिळालं. "बाबा, आपल्या नेटिव्ह प्लेसचं हेरिटेज काय आहे? फोर्ट आहे का?" तिचं मराठी असंच, अडखळत येतं. फोर्ट नाही म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. देऊळ आहे, तेही पत्र्याचं. वाडीतल्या लोकांना पुढचं ठाऊकच आहे. पण आपल्यातले जे इकडे आलेत, त्यांच्या मुलांनाही हा प्रश्न कधीतरी पडेल, म्हणून लिहून ठेवतो.

आमची वाडी पाटावर उभी राहिली. घाटावरून उतरलेले चार भाऊ पऱ्याच्या काठी राहिले, त्यांनी पऱ्याला बांध घातला, पाट काढला आणि पोफळी लावल्या, असं बाबा सांगायचे. खरंखोटं देव जाणे. बांध दगडमातीचा, त्यामुळे दर पावसाळ्यात वाहून जातो. थंडीच्या तोंडावर घरटी एक माणूस येतो आणि तो नव्याने रचतो. बांधाच्या पायात प्रत्येक घराचा एक धोंडा असतो. आमच्या धोंड्यावर पांढरी शीर आहे. पुरात तो लोळत खाली गेलेला असला, तरी शोधून आणायचा आणि घरच्याच माणसाने ठेवायचा. मगच त्या घराला पाटाच्या पाण्याची पाळी. घरात सुतक असेल, कोणी येण्यासारखं नसेल, तर शेजारी एक वर्ष ठेवतात. दुसऱ्या वर्षी ठेवत नाहीत. दोन घरं अशीच पिढीमागे मुंबईला गेली आणि परत आली नाहीत. त्यांचे धोंडे आता काठावर आहेत, बायका त्यांवर कपडे धुतात. लहानपणी आम्ही त्यांवर बसून पाण्यात पाय सोडायचो. ते कोणाचं तरी घर होतं, हे तेव्हा कळत नव्हतं.

इकडे माझा धंदाही पाण्याचाच. इथल्या बरका गावच्या शेतांवर पंप बसवायचे आणि बिघडले की दुरुस्त करायचे. पंप वर्षभर पळतो, विहिरीचं पाणी वर्षागणिक खारट होत जातं. अर्बाब, म्हणजे माझा मालक सालिम, माणूस बरा. एकदा तो मला डोंगरातल्या त्याच्या मूळ गावी घेऊन गेला. मातीची घरं ढासळलेली, माणूसकाणूस नाही. पण खजुरांच्या मधून पाट झुळझुळत होता. त्याला इथे फलज म्हणतात. खाली नव्या व्हिलात राहायला गेलेले लोक तो साफ करायला अजून वर येतात, सालिमही येतो, आणि पाण्याची पाळी अजून त्याच्या आजोबांच्याच नावाने चालते. "घर खलास. पानी नहीं खलास," तो मला म्हणाला. मला बाबांची आठवण आली. गाडीत बसल्यावर मी उगाच एसी वाढवला.

गेल्या श्रावणात बाबा गेले. आई आधीच गेलेली. होती नव्हती ती रजा बाराव्या-तेराव्यात संपली आणि कुलूप लावून, किल्ली शेजारच्या शेवंतीकाकीकडे देऊन मी परत आलो. काकी एकटीच असते, तिचा मुलगा सूर्यकांत इथे शहरात, हमरिया भागात राहतो. थंडीचा सुमार आला तसा मला घोर लागला. बांधाला आमच्या घरून कोण जाणार?

सूर्यकांतच्या खोलीवर शुक्रवारी आम्ही वाडीचे चारपाच जण जमतो. तिथे तोच म्हणाला, "सिमेंटचा बांध घालून टाकू. एकदाच काय तो खर्च. मग कोणी जायला नको." सगळ्यांनी मान डोलावली. मीही डोलावली. खरं सांगतो, मला हलकं वाटलं. सात वर्षं रजा मागून, तिकिटं शोधून, इथे असताना तिथलं आणि तिथे गेल्यावर इथलं डोक्यात घेऊन मी दमलो होतो. एक कटकट कमी झाली तर हवीच होती.

सूर्यकांतने लगेच आईला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. काकीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "घाला की. मग तुमी येनार कशाला?"

सिमेंटचा विषय तिथेच मिटला.

बांध घातला त्या दिवशी मी बरक्यात एका विहिरीवर होतो. दुपारी काकीने कोणाकडून तरी फोटो पाठवला. बांधाच्या पायात, डावीकडून तिसरा, पांढऱ्या शिरेचा धोंडा. मी लगेच फोन केला.

"मीच ठेवलाय," काकी म्हणाली. "दोगांनी उचलाय हात लावला, पन ठेवला मी. बापूस गेला म्हनून यंदाच्या वर्साला. फुडल्या वर्साला तू ये. दोनदा कोन ठेवीत नाय, तुला ठावं हाय."

मी हो म्हणालो. मग विहिरीच्या कठड्यावर बसून रडलो. बाबा गेले तेव्हा लोकांच्या गराड्यात ते जमलं नव्हतं.

संध्याकाळी सालिमकडे जाऊन पुढच्या वर्षीची रजा मागितली. गणपतीला नको, मे महिन्यात नको, पाऊस संपल्यावर हवी. कारण विचारलं, तेव्हा लग्न, आजारपण असं काहीच सांगितलं नाही. फोटो दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "इन्शाल्ला." या शब्दाचा अर्थ इथे होही होतो आणि नाहीही. पण फोटो परत देताना त्याने बोटाने धोंडे दाखवत विचारलं, "तुमारा कौनसा?"

सईच्या प्रोजेक्टमध्ये तोच फोटो लावलाय. खाली काय लिहू, असं तिने विचारलं, तेव्हा सांगितलं, 'आमचं घर' लिही. कुलूप लावलेलं घर तिथे आहेच, ते आणखी काही पावसाळे उभं राहील. पण माझ्या लेखी घर आता या धोंड्याएवढंच उरलंय, आणि तेही मी पोचेपर्यंत शेवंतीकाकीने धरून ठेवलंय.