दंडाच्या पावत्या

वनहक्काच्या दाव्याला जुने पुरावे लागतील, असं समितीचे अध्यक्ष आमच्या पाड्यावर येऊन सांगून गेले. मी तेव्हा रविवारची वाशिंदहून डोळखांबकडे माहेरी आले होते. ते गेल्यावर मी बाला विचारलं, "तुला दंड व्हायचा, त्याच्या पावत्या असतील ना?"

"दंडाचं कागद कोन जपून ठेवतं गो?" म्हणत बा उठून गेला.

आईनं मात्र चुलीवरच्या माळ्याकडे बोट दाखवलं. तिथं बांबूचं एक नळकांडं होतं, तोंडाला चिंधीचा बोळा. आतून पावत्यांची गुंडाळी निघाली. धुरानं काळी पडलेली, कडा कसरीनं खाल्लेल्या, एकीला एक चिकटलेली.

वनखात्याच्या जागेत, डोंगरउतारावर नाचणी लावली म्हणून बाला दर पावसाळ्यात दंड व्हायचा. एकदा तर त्याला सगळ्यांदेखत दिवसभर चौकीबाहेर बसवून ठेवलं होतं. ते तो विसरला नव्हता.

"टाक चुलीत," तो दारातून म्हणाला. "चोराचं कागद हायत ते."

"चोराचं नाय, बा. तू तवा तिथं कसत होतास, हे त्यांनीच लिवून दिलंय यात."

कागद वाचवायचेच, असं मी ठरवलं. ओटीवर धुतलेली चादर पसरली आणि ओला कापूस एका पावतीच्या कोपऱ्याला लावून पाहिला. काळं निघालं नाही, उलट जांभळा डाग पसरला. लिहिलेलं कॉपिंग पेन्सिलीनं होतं, पाणी लागलं असतं तर अक्षर राहिलं नसतं. पाणी बाजूला ठेवलं. रंगाच्या मऊ ब्रशनं आधी काजळी झाडली. मग खोडरबर खिसणीवर खिसून त्याचा चुरा कागदावर टाकला आणि बोटाच्या टोकानं हलकेच फिरवला. चुरा काळा झाला की झटकायचा, नवा घ्यायचा. अक्षरांवर हात जाऊ द्यायचा नाही. मान अवघडून गेली, पण पुसट सही दिसायला लागली तसं उठवेना.

चिकटलेल्या पावत्यांपाशी अडले. नख घालणार, तोच मागून बा ओरडला, "नखानं नको, फाटल!"

त्यानं कोयता घेऊन बांबूची एक काडी तासली, पानासारखी पातळ होईपर्यंत. माझ्याशेजारी बसला आणि श्वास रोखून ती दोन कागदांमध्ये सरकवू लागला. पुढच्या रविवारी मी यायच्या आत त्यानं अजून काड्या करून ठेवल्या होत्या.

शहापूरला झेरॉक्सवाला म्हणाला, "लॅमिनेशन करून टाका, ताई." मी नको म्हटलं. एकदा चिकटलेलं पुन्हा सुटत नाही. फाटलेले तुकडे जुळवून प्लास्टिकच्या पाकिटात ठेवले, दाव्याला रंगीत झेरॉक्स जोडली.

ग्रामसभेत तपासणीला आलेल्या साहेबांनी मूळ पावत्या मागितल्या. उजेडात धरून नाव वाचलं आणि विचारलं, "हे तुम्हीच का?"

मला वाटलं, बा खाली बघेल. तो उभा राहिला. "व्हय, मीच. तवा बी नाचनी लावत होतो, आता बी लावतो. दंड भरला, पन जागा सोडली नाय."

सभेनं दावा मंजूर केला. फाईल वर गेली आहे, अजून निकाल नाही. मी दर महिन्याला शहापूरच्या कचेरीत जाऊन विचारते. गेल्या खेपेला बा स्वतःहून बरोबर आला, धुतलेला सदरा घालून.