दहा मीटरवरची बोहनी

सावर्ड्यात हायवे सोडून आत वळलं की पाष्ट्यांच्या घरामागचा लोखंडी खांब दिसतो. पन्नास फूट उंच, डोक्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या आडव्या नळ्या, चारी बाजूंना ताणाच्या तारा. नवीन माणसाला तो मोबाईलचा टॉवर वाटतो आणि मग एवढा टॉवर असून रेंज का नाही म्हणून तो कुरकुरतो. टॉवर वगैरे काही नाही, हरिश्चंद्र पाष्टेचा हौशी रेडिओचा अँटेना आहे तो. त्यातल्या एका तारेवर त्याची बायको कमळा चादरी वाळत घालते. पेरू देशातल्या माणसाशी बिनधास्त बोलणाऱ्या हरिश्चंद्राला त्या चादरींबद्दल बायकोशी बोलायचा धीर अजून झालेला नाही.

हरिश्चंद्र पोलीस वायरलेसमधून निवृत्त झाला. मोर्सचं कट्ट-कडकट्ट त्याच्या बोटांत मुरलेलं. नोकरी सुटली तरी बोटं सुटेनात, म्हणून त्याने हौशी रेडिओचं लायसन काढलं, खांब उभारला आणि शर्यतींत उतरला. ही शर्यत घरात खुर्चीवर बसून होते. नोव्हेंबरअखेरच्या शनिवार-रविवारी जगभरचे हौशी लोक आपापल्या सेटवर बसतात आणि अठ्ठेचाळीस तासांत जितक्या स्टेशनांना गाठता येईल तितक्यांना गाठतात. तू कोण, मी कोण, बरं आहे, पुढे चल. प्रत्येक गाठीची लॉगमध्ये एक ओळ. लांबच्या गाठीला गुण मिळतात आणि शेवटी किती देश गाठले त्या आकड्याने सगळे गुण गुणले जातात. म्हणून देश महत्त्वाचा. एक देश हुकला की सगळ्याच गुणांना कात्री लागते.

कमी शक्तीच्या सेटवाल्यांत हरिश्चंद्र सलग सहा वर्षं भारतात पहिला आला होता. सहा प्रमाणपत्रं बाहेरच्या खोलीत ओळीने लावलेली. त्याची एक खोड होती. शर्यतीला बसण्याआधीच तो पुढच्या प्रमाणपत्राचा खिळा भिंतीत ठोकून ठेवायचा. कमळा म्हणायची, ही कसली घाई. तो म्हणायचा, घाई नाही, जागा धरून ठेवली. गावात या सहा कागदांचं कोणाला काही पडलेलं नव्हतं हे त्यालाही माहीत होतं. पण तीस वर्षं दुसऱ्यांचे निरोप पोचवणाऱ्या माणसाला स्वतःच्या नावाची तेवढी एक जागा होती.

त्या जागेवर टपलेला माणूस बाहेरचा असता तर गोष्ट वेगळी. तो निघाला सख्खा मेव्हणा.

कमळेचा धाकटा भाऊ सुजय डिंगणकर वीस वर्षं जहाजावर इंजिनरूममध्ये होता. नोकरी पुरे करून वेळणेश्वरला आला आणि समुद्राला लागून असलेल्या माडांच्या वाडीत घर बांधून राहिला. वेळ जात नाही म्हणून भावजींकडे येऊन बसायला लागला. हरिश्चंद्राने त्याला मोर्स शिकवलं, परीक्षेला बसवलं, आपला जुना सेटही दिला. लॉग कसा लिहायचा तेही शिकवलं. पोलिसांची स्टेशन डायरी असते ना, तसा लॉग. जे ऐकलं ते लिहायचं, आणि एकदा लिहिलेली ओळ खोडायची नाही. सुजय मान डोलवायचा. एवढा नम्र शिष्य मिळाल्यावर कोणाला बरं वाटणार नाही?

मग सुजयने दोन माडांना एक साधी तार बांधली. खांब नाही, नळ्या नाहीत, काही नाही. आणि पहिल्याच शर्यतीत त्याने हरिश्चंद्रापेक्षा अकरा देश जास्त गाठले.

हरिश्चंद्राने पुस्तकं चाळली. कारण सरळ होतं. खाऱ्या पाण्यावरून रेडिओची लाट अगदी खालच्या कोनात, विनातक्रार निघून जाते. सुजयच्या तारेपुढे आफ्रिकेपर्यंत नुसतं पाणी. हरिश्चंद्रापुढे सावर्ड्याचे डोंगर. म्हणजे यात सुजयचं कर्तृत्व काही नाही, असा निष्कर्ष त्याने काढला आणि कमळेला ऐकवला. ती म्हणाली, “असूं दे की. माझ्या भावाला काहीतरी मिळालां.” त्या दिवशी हरिश्चंद्राला जेवण गेलं नाही.

तेव्हापासून त्याच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबलं नाही. चिपळूणला पूर आला, फोन बंद पडले, तेव्हा दोघांनी दोन दिवस बॅटरीवर बसून निरोप पोचवले होते. पेपरवाला आला आणि फोटो सुजयचा काढून गेला, कारण त्याच्या मागे समुद्र छान दिसत होता. बातमीत हरिश्चंद्राचं नाव होतं, पण फोटोखाली नव्हतं. तो पेपर कमळेने कपाटात जपून ठेवला. कपाट उघडलं की हरिश्चंद्राला दिसायचा.

सुजय मात्र होता तसाच राहिला. महिन्यातून एकदा सुरमई घेऊन यायचा, कौतुक केलं की म्हणायचा, “मी काय करतंय भावजी, सगळा दर्या करतो.” हेच हरिश्चंद्राला सहन व्हायचं नाही. फुशारकी मारली असती तर रागावता आलं असतं. शर्यतीला वेळणेश्वरात येऊन बसा, माझीच तार वापरा, असंही तो म्हणाला होता. मेव्हण्याच्या घरी, मेव्हण्याच्या तारेवर? हरिश्चंद्राने पाठदुखीचं कारण सांगितलं. सुरमई मात्र दर वेळी दोन तुकडे जास्त खाल्ली.

तरी पहिल्या दोन वर्षांत अनुभव कामी आला. सुजयची बोटं जड होती, वेग कमी. नंबर हरिश्चंद्राचाच राहिला, अंतर मात्र दर वर्षी कमी होत गेलं.

आता बोहनीचं सांगायला हवं. आपल्याच देशातल्या माणसाशी बोललं तर गुण शून्य, पण देश म्हणून भारत मोजला जातो, आणि प्रत्येक बँडवर, म्हणजे लाटांच्या प्रत्येक पट्ट्यावर, वेगळा मोजला जातो. दहा मीटरच्या बँडचं गणित विचित्र असतं. त्यावर फिनलंड खणखणीत येईल, पण पुणं येणार नाही, कारण लाट जवळच्यांच्या डोक्यावरून जाते. मग दहा मीटरवर भारत आणायचा कुठून? सरळ रेषेत पस्तीस किलोमीटरवर एकमेकांना कसंबसं ऐकू येणारे हे दोघंच. म्हणून शनिवारी सकाळी आठच्या सुमारास दोघं ठरलेल्या जागी भेटायचे, कुजबुजल्यासारखी दोन नावं एकमेकांना द्यायचे आणि आपापल्या वाटेने जायचे. दोघांनाही एकेक भारत. त्याला ते बोहनी म्हणायचे.

गेल्या नोव्हेंबरात हरिश्चंद्राने सातवा खिळा ठोकला आणि बसला. बोहनी झाली. बँड असे काही उघडले होते की विचारू नका. शनिवार, रविवार कमळेने भाकरी हातात दिली तर खाल्ली, नाहीतर नाही. मधूनच डायल फिरवताना त्याला सुजय ऐकू यायचा. कसा ओळखला? मोर्सच्या लयीवरून हात ओळखतो माणूस. आणि तो हात आता जड राहिलेला नव्हता. हरिश्चंद्राने शिकवलेल्या लकबीने, त्याच्याच लयीत सुजय जपानी लोकांना एकामागून एक उरकत होता. त्याला बोलावणाऱ्यांची रांग लागली होती. हरिश्चंद्राने हेडफोन काढून ठेवला आणि पाणी प्याला. आपला हात दुसऱ्याच्या मनगटाला लावलेला ऐकावा लागला, असं त्याला वाटलं.

सोमवारी पहाटे साडेपाचला शर्यत संपली. दुपारपर्यंत लोक इंटरनेटवरच्या यादीत आपापले अंदाजे गुण टाकतात. सुजयने टाकले होते. हरिश्चंद्रापेक्षा किंचित जास्त. अगदी किंचित, पण जास्त. यादीतला तिसरा भारतीय कितीतरी मागे होता.

हरिश्चंद्र कागद-पेन्सिल घेऊन बसला. लॉगांची तपासणी कशी होते हे त्याला पाठ होतं. सगळ्यांचे लॉग कॉम्प्युटर ताडून बघतो. तुमच्या लॉगात एखाद्याचं नाव आहे आणि त्याच्या लॉगात तुमचं नाही, तर तुम्ही खोटं लिहिलं असं धरतात. ती गाठ जाते, देश जातो, वर दंड म्हणून आणखी गुण कापतात. म्हणजे त्याने बोहनीची ओळ आपल्या लॉगातून काढली, तर एक भारत त्याचाही जाईल, पण सुजयचा भारत जाईल आणि वर दंड पडेल. त्याने दोनदा मांडून बघितलं. दोन्ही वेळा तो स्वतःच पहिला आला, अगदी केसभराने.

त्याने ओळ काढली. एक बटण दाबायचं, बस. बोटांना इतकी सवय की त्यांनी विचारसुद्धा केला नाही. आणि लगेच लॉग पाठवून दिला.

लॉग पाठवायची मुदत शुक्रवारपर्यंत होती. चूक सुधारून परत पाठवता येत होता. मंगळवारी त्याला ते आठवलं, मन खाऊ लागलं. बुधवारी सकाळी लॅपटॉप उघडून ती ओळ परत घालायला बसला, तोच सुजय सुरमई घेऊन हजर. कमळा भावाचं कौतुक करताना थकत नव्हती. पहिला आलास म्हणे, यादीत नाव वर आहे म्हणे. सुजय भिंतीकडे बघत म्हणाला, तसं काही नाय ताई, सगळा दर्या करतो. हरिश्चंद्राने लॅपटॉप मिटला. ओळ घालायची राहिली ती राहिलीच.

जेवून झाल्यावर तो पडायला गेला. बाहेरच्या खोलीत बहीण-भाऊ बराच वेळ हळू बोलत होते. काय बोलतात ते ऐकायचा त्याने प्रयत्न केला, पण जगाचं ऐकणाऱ्या कानांना भिंतीपलीकडचं ऐकू आलं नाही. संध्याकाळी सुजय निघाला तेव्हा हरिश्चंद्र झोपेचं सोंग घेऊन पडून राहिला.

निकाल लागला एप्रिलअखेर, आंबे काढायला आले तेव्हा. हरिश्चंद्राने यादी उघडली. कमी शक्ती, भारत. पहिला, केरळातला कोणीतरी. हा माणूस अंदाजाच्या यादीत नव्हताच. गुपचूप बसला होता, लॉग पाठवून मोकळा झाला होता. दुसरा, हरिश्चंद्र. अंतर थोडंसंच. त्याने हिशेब केला नाही, करायची गरजच नव्हती. दहा मीटरवरचा एक भारत असता तर तो आरामात पुढे होता.

आणि सुजय? पहिल्या दहांत नाही, शंभरांत नाही. शेवटी तळाशी एक वेगळी यादी असते. आम्हाला स्पर्धेत धरू नका, फक्त इतरांचे लॉग तपासायला आमचा वापरा, असं जे स्वतःहून लिहून देतात त्यांची. तिथे सुजयचं नाव होतं. म्हणजे दंड नाही, काही नाही. ज्याला पाडायला ओळ काढली तो शर्यतीतून आधीच बाहेर जाऊन उभा होता.

हरिश्चंद्राने ताबडतोब फोन लावला. स्पर्धेतून नाव का काढून घेतलंस, असं त्याने जवळजवळ रागानेच विचारलं.

सुजय जरा घुटमळला. “त्या बुधवारी ताईनं तो खिळा दाखवलान. म्हणाली, सातवा ठोकलाय, आणि तुझा नंबर वर आल्यापासून त्यांचा जेवणात लक्ष नाय. मना कागदाचा काय करायचाय भावजी? मी आपली गंमत म्हणून बसतंय.”

हरिश्चंद्राने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“पण एक समजला नाय,” सुजय म्हणाला. “आता सगळ्यांचे लॉग उघडे ठेवतात ना, म्हणून तुमचा बघितला. दहा मीटरवर भारतच नाय. आपली बोहनी झालेली. आठ वाजून बारा मिनिटं. माझ्याकडं लिवलेली हाय. त्या एका देशानं गेला तुमचा नंबर. सेट बिघडला काय तुमचा?”

एवढं सोपं होतं. सेट बिघडला, लॅपटॉप अडकला, ओळ गळली. सुजयने विश्वास ठेवला असता, वर दोन दिवसांत येऊन लॅपटॉप दुरुस्तही केला असता. पण इतक्या भोळेपणाने विचारल्याचाच हरिश्चंद्राला राग आला, आणि त्या रागात खरं तोंडातून गेलं.

“मी काढली ती ओळ. तुझा नंबर जावा म्हणून.”

मग सुजय हळू आवाजात म्हणाला, “लिवलेली ओळ खोडायची नाय, हे तुमीच मना शिकवलाव.” आणि गप्प झाला. फोन मात्र ठेवला नाही.

हरिश्चंद्र फोन कानाला लावून उभा राहिला. समोर सहा प्रमाणपत्रं आणि एक मोकळा खिळा. माफी माग, असं तो स्वतःला सांगत होता, शब्दही जुळवत होता. पण सुजयच्या गप्प राहण्यामागे समुद्र वाजत होता. भरती असावी. इतक्या जवळून वाजत होता की लाट कधी फुटते, कधी मागे सरते तेही कळत होतं. त्याच्याही नकळत हरिश्चंद्र ती मोजायला लागला, आणि लाजेने मान खाली गेलेली असताना त्याच्या मनात आलं, हा आवाज आपल्या खिडकीशी असता तर.

“भावजी, हाव ना?” सुजयने विचारलं.

“आहे,” हरिश्चंद्र म्हणाला. “माझं चुकलं.” आणि मग, अंगणात कमळा तारेवरून चादरी काढत होती तिच्याकडे बघत त्याने विचारलं, “भरती आहे काय रे आत्ता?”