रेकॉर्डवरची दाद

बाबांना गाण्यातलं कळतं, हीच माझी खरी अडचण. इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या आमच्या घरी अधूनमधून गाण्याची बैठक व्हायची. पाहुण्यांच्या सुमार तानांनाही बाबा मांडीवर थाप मारून 'वा' म्हणायचे. मी गिटार घेऊन बसले की मात्र डोळे मिटून गप्प. पुढे मी बँड काढला, गाणी लिहिली, व्हॅनमधून देशभर फिरले, रेडिओवर गायले. बाबा तसेच. हॉस्पिटलमध्ये लोकांना भूल देण्यात जन्म गेला, ते दाद कसली देणार?

ब्रिस्टलचा आमचा कार्यक्रम लाइव्ह रेकॉर्ड व्हायचा होता. आई-बाबा तिकिटावरच्या वेळेला, म्हणजे कुणीच येत नाही तेव्हा, हजर झाले आणि बाबांनी स्टेजसमोरची जागा धरली. शेवटचं गाणं अगदी हळू आहे. मध्येच सगळं थांबतं, मग बराच वेळ नुसते ड्रम्स वाजतात आणि त्यानंतर माझं शेवटचं कडवं येतं. त्या शांततेनंतरच्या पहिल्याच ठोक्याला बाबांनी हात उंचावून खणखणीत आवाजात म्हटलं, "वा, क्या बात है."

ते रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ आलं. प्रोड्युसर म्हणाला, काढून टाकू. मी सगळ्यांशी भांडले. या एका 'वा'साठी मी लहानपणापासून झुरत होते, ते काय कापून टाकू? बँडमधल्यांनी शेवटी हात टेकले.

रेकॉर्ड निघाल्यावर मी ती घेऊन घरी गेले आणि बाबांना ते गाणं लावून दिलं. स्वतःचा आवाज ऐकून बाबा खूश झाले.

"त्या ड्रम्सवाल्या मुलीला सांग हं, समेवर काय सुंदर आली. परफेक्ट टायमिंग."

"म्हणजे हे तिच्यासाठी होतं?"

"मग? तू तर तेव्हा गातच नव्हतीस."

"आणि बाबा, मी गात होते तेव्हा?"

"तेव्हा कसा बोलू? आधीच तू शब्द खातेस. एखादा निसटला तर परत कुणाला विचारायचं?"

माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं हा माणूस माझा शब्द न् शब्द ऐकत होता, आणि मी आपली जळत बसले होते.

"हे आधी सांगायला काय झालं होतं तुम्हाला?" मी जवळजवळ किंचाळलेच.

बाबांनी हातानेच मला थांबवलं.

"अगं, हळू. तुझं कडवं सुरू झालंय."