निशाण पडल्याशिवाय

सोपान पडवळला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे त्याचं नाव झालं आणि मग लोक म्हणू लागले, याला लहानपणापासून खेळाची आवड! कसली आवड? महाळुंगे पडवळच्या शाळेत तो कबड्डीतसुद्धा राखीव गडी. त्याच्याकडे होता तो आवाज. तोही गोड नव्हे, खणखणीत. त्याने ओढ्यापलीकडच्या माणसाला जेवायला हाक मारावी आणि मधल्या चार घरांनी ताटं मांडावीत, असा.

या आवाजावर त्याने बैलगाड्यांचे घाट गाजवले. घाट म्हणजे शर्यतीचा चढ. खालून गाडा सुटतो, पुढे घोडी, मागे चार बैल, आणि बारा-तेरा सेकंदांत सगळं आटोपतं. तेवढ्यात माइकवरच्या माणसाने गाडामालकाचं नाव, त्याच्या बापाचं, गावाचं, बैलांचं, सगळं घ्यायचं आणि गाडा पोहोचून वर निशाण पडलं की "झाली! झाली! झाली!" अशी आरोळी ठोकायची. झाली म्हणजे बारी झाली, धाव मोजली गेली. सोपानला दीडशे गाडामालकांच्या तीन-तीन पिढ्या पाठ होत्या. बायकोचा वाढदिवस मात्र अंजनाला दरसाल स्वतःच सांगावा लागे.

मग शर्यतींवर बंदी आली. सोपानने कांदा केला, टोमॅटो केला, पण घरात तो इतका गप्प झाला की एक दिवस अंजनाच त्याला घेऊन रेडिओ केंद्रावर गेली. केंद्र ते काय, दोन खोल्या आणि टेकडीवरचा मनोरा. ते चालवणारी आरती सोपानच्या मुलीच्या वयाची.

"बाई, यांना बोलायला द्या कायतरी," अंजना म्हणाली. "घरात गप बसत्यात, मला भ्या वाटतं."

आरतीने बाजारभाव वाचायला दिले. सोपान भाव असे वाचायचा, जणू टोमॅटो घाटात पहिला आलाय. लोक हसले, पण रेडिओ लावू लागले. पुढे शाळकरी मुलींच्या फुटबॉल स्पर्धा सुरू झाल्या आणि मैदानावरून मोबाइलवर थेट वर्णन करायचं ठरलं, तेव्हा आरतीला दुसरं नाव सुचलंच नाही.

"जुंपायचे किती?" सोपानने विचारलं.

"एका बाजूला अकरा मुली, नाना."

"मग नावं लिहून द्या. आई-बापासकट."

आईचं नाव घ्यायचं हे डोकं त्याचंच. घाटात बापाचंच नाव घेतात. पण मैदानाच्या कडेला बघायला उभ्या होत्या त्या सगळ्या आयाच, हे त्याच्या नजरेतून सुटलं नाही. "रत्ना निघाली! कुणाची रत्ना? डोंगरातल्या वाडीच्या भिकाची आन सोनीबाईची रत्ना! भात लावनारीची लेक, चिखलात न घसरनारी, हितं काय घसरतीय!" आपलं नाव रेडिओवर ऐकून डोंगरातल्या बायांनी नवे सेल आणले. मोबाइलला रेंज नाही तिथे, पण टेकडीवरचा मनोरा वाडीच्या थेट समोर येतो.

शर्यती पुन्हा सुरू झाल्या तरी सोपानने फुटबॉल सोडला नाही. आणि मग गेल्या हिवाळ्यात, साखळीच्या एका सामन्यात, त्याने घोटाळा केला.

रत्नाने लांबून लाथ हाणली. चेंडू सुसाट गेला आणि सोपानच्या तोंडून तीस वर्षांची सवय बाहेर पडली, "झाली!" चेंडू खांबावर आपटून परत आला. त्याने लगेच "न्हाई, न्हाई, खांबाला लागला" असं सांगितलंही. पण वाडीत रेडिओ तोवर बंद झाला होता. घाटाचे कान असलेली माणसं ती. झाली म्हणजे झाली. मग सेल कशाला जाळायचे? सोनीबाईने घरोघर गूळ वाटला. रविवारी रत्ना वसतिगृहातून घरी आली, तर बाया ओवाळायला ताट घेऊन उभ्या. पोरीला सांगावं लागलं की गोल झालाच नाही, सामना बरोबरीत सुटला.

मंगळवारी सोनीबाई एसटीने खाली उतरली आणि सरळ केंद्रात शिरली.

"कोन त्यो झाली म्हननारा?"

"मीच," सोपान उठून उभा राहिला.

"काय झाली? सांगा की, काय झाली? माजी पोर दोन दिस तोंड लपवून बसली. गूळ काय, गूळ पुन्हा आनता येतो."

आरतीने त्याच दिवशी भिंतीवर कागद चिकटवला: 'फक्त गोल म्हणावे.' शिवाय स्पष्ट सांगितलं की अंतिम सामन्यापर्यंत जमलं नाही, तर माइक तेजस्विनीकडे जाईल. तेजस्विनी पुण्यात शिकून आलेली, बिनचूक बोलणारी मुलगी. तिच्यावर राग धरण्यासारखं काही नव्हतं, हेच सोपानला जास्त लागलं.

तो घरी सराव करू लागला. "गोल. गोल!"

"काय ओ, भाकरीचं सांगताय का?" अंजना चुलीजवळून म्हणाली. "थापतीच हाय मी गोल."

खरंच, त्याच्या तोंडात तो शब्द बसेना. आवाज अर्ध्यावरच मोडायचा. शब्द सोडावा तर आवाज जातो, धरावा तर माइक जातो.

त्याच आठवड्यात लोणीच्या घाटात एक गाडा वर पोहोचता पोहोचता बाजूला फाकला. पोहोचलाच असं वाटून माणसं ओरडली, टोप्या उडाल्या. सोपान मात्र गप्प. निशाण वरच होतं. बारी बाद.

निशाणवाला अमृत खाली उतरल्यावर म्हणाला, "नाना, एवडी गर्दी बोंबलली, तुमी हूं का चूं केलं न्हाई. लई सबुरी राव!"

"गाडा बगतो कोन? मी तुजा हात बगतो," सोपान म्हणाला आणि बोलता बोलता थांबला. तिथूनच त्याने आरतीला फोन लावला.

"बाई, शब्द न्हाई चुकला, नजर चुकली. मी चेंडू बगत व्हतो. फुटबॉलात निशाण कुनाकडं असतं?"

"रेफरीकडे. गोल दिला की तो मधल्या वर्तुळाकडे हात करतो."

"मग झाली माज्याकडंच ऱ्हाऊ द्या."

आरती म्हणाली, "एक सामना, नाना. चुकलात तर तेजस्विनी."

रत्नाच्या शाळेचा अंतिम सामना राजुरीच्या मुलींशी होता. सुरुवातीलाच सोपानने जाहीर केलं, "सोनीबाई, ऐकताय न्हवं? आज मी मधीच गप झालो, तर सेल गेलं असं समजू नका. निशाणाकडं बगतोय. आन झाली म्हनलं तरी रेडिओ बंद करायचा न्हाई. शेवटची शिट्टी हू द्या."

तेजस्विनी शेजारी बसली होती, कानाला हेडफोन लावून. दोन मिनिटं उरली आणि रत्नाने चेंडू मारला. राजुरीच्या गोलरक्षक मुलीने झेप घेऊन तो धरला. पण रेषेवर की रेषेच्या आत? सगळं मैदान उठलं. "गोल! गोल!"

"नाना, बोला ना!" तेजस्विनी कुजबुजली.

सोपान बोलला नाही. रेफरी रेषेवरच्या पंचाकडे चालत निघाला होता. सोपानची नजर त्याच्या हातावर होती आणि रेडिओवर नुसता गलका ऐकू जात होता. आठ सेकंद. दहा. जवळजवळ एक अख्खी बारी.

रेफरी वळला. हात मधल्या वर्तुळाकडे गेला.

"झाली! झाली! झाली! सोनीबाईची रत्ना, भिकाची रत्ना, झाली!" मोबाइल हातात होता एवढंच, तो नसता तरी डोंगरात ऐकू गेलं असतं.

तेजस्विनीने एक कान मोकळा केला आणि स्वतःच हसली. "मी तर केव्हाच गोल म्हणाले असते," ती म्हणाली. "पुढच्या वेळी माझ्याकडे फक्त वेळ सांगायचं काम द्या."

आठवड्याने सोनीबाई पुन्हा केंद्रात आली. तिने फडक्यातली गुळाची ढेप टेबलावर आपटली. "दोन डाव थापटला रेडिओ मी. किती येळ गप बसायचं मान्सानं?"

"निशाणच उशिरा पडलं, बाई."

"मग त्याला सांगा, हात लवकर हालव म्हनावं."

अंजनासाठी गुळाचा खडा बांधून न्यायला सोपान कागद शोधू लागला. आरतीने भिंतीवरचा ओढून दिला.